पान परक्याचे, पत आपली

दिवाळी तोंडावर आली, की आपल्या मोबाइलवर चकल्या, अनारसे, उटणे आणि आकाशकंदिलांची छायाचित्रे येऊ लागतात. गणपतीपूर्वी शाडूच्या मूर्ती येतात, एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या येतात. पाठविणारी व्यक्ती बहुधा ओळखीतलीच असते. कुणाची भाची, कुणाची शेजारीण, कुणाचा कोकणातला चुलतभाऊ. पूर्वी हा व्यवहार ओट्यावर, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात किंवा सोसायटीच्या सूचनाफलकावर होत असे. आज तो फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. आपल्यातील अनेक घरे आता या मार्गाने चार पैसे मिळवीत आहेत. म्हणूनच या मार्गाचा शांतपणे विचार व्हायला हवा.

प्रथम त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. शहरात दुकानाचा गाळा घ्यायचा तर अनामत आणि भाडे यांतच मध्यमवर्गीयाची शिल्लक संपते. हे पान उघडायला पैसे पडत नाहीत. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, त्याच वर्षी यूपीआयची व्यवस्था सुरू झाली आणि दहा-वीस रुपयांचे व्यवहारही मोबाइलवरून होऊ लागले. २०२०च्या टाळेबंदीत बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले, तेव्हा कोकणातील कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी थेट संपर्क साधून आंबा विकला. ज्याच्याजवळ भांडवल नाही, पण हातात कसब आहे, त्याला हे दार खुले झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र पान उघडणे म्हणजे धंदा उभा राहणे नव्हे. या बाबतीत आपल्याला बाहेर कुठे धडे गिरवायला जाण्याची आवश्यकता नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगराला गिऱ्हाईक मिळेना. माल उत्तम असूनही तो लोकांना समजावून सांगावा लागतो, हे त्या घराण्याने अनुभवातून ओळखले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी. पण त्या अंकांत केवळ ‘आमचा माल घ्या’ असा घोष नव्हता, वाचकाला उपयोगी पडेल असे काही त्यांत असे. म्हणूनच त्या छोट्या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे मातब्बर मासिक झाले. आधी द्यावे, मग मागावे, हे सूत्र शंभर वर्षांनंतरही बदललेले नाही.

आजच्या पानांवर नेमका याचाच अभाव जाणवतो. कुठून तरी उचललेली छायाचित्रे, चमचमणारी अक्षरे, दिवसातून पाचदा ‘त्वरा करा’ आणि किंमत विचारली तर ‘इनबॉक्समध्ये या’ असे उत्तर! किंमत लपविणाऱ्या दुकानदाराविषयी आपल्या मनात जी शंका येते, तीच इथेही येते. उलट येवल्याचा एखादा विणकर हातमागावरची पैठणी उलटी करून दाखवितो, पदराची वीण दोन्ही बाजूंनी सारखीच कशी दिसते आणि यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे कसे राहतात हे समजावून सांगतो, तेव्हा पाहणारा शहाणा होतो. आज ना उद्या तो त्याच विणकराकडे जातो. हापूसचेही तसेच. २०१८ साली कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परप्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून पेटीत भरला जातोच. जो बागायतदार मोहोर फुटल्यापासून आढी लावेपर्यंतचा प्रवास दर आठवड्याला दाखवितो आणि यंदा अवकाळी पावसाने फळ कमी आले हेही सांगतो, त्याच्या पेटीवर वेगळी ग्वाही लागत नाही.

तेव्हा पानावर काय असावे? स्वतःच्या मालाचे, स्वतः काढलेले, उजेडातले छायाचित्र. वजन, किंमत, माल किती दिवस टिकतो, कोणत्या भागात पोहोचविला जातो आणि केव्हा. विचारणा आली तर त्याच दिवशी, अदबीने उत्तर. तक्रार आली तर ती पुसून न टाकता सर्वांसमक्ष निवारण. आणि हे सारे स्वच्छ मराठीत. गिऱ्हाईक आपल्याच गावातले असता त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याचा सोस कशासाठी?

दुसरा मोह आकड्यांचा. पानाला दहा हजार अनुसारक मिळाले म्हणून हुरळून जाणारे आणि पैसे मोजून असे आकडे विकत घेणारेही आढळतात. मुलुंडच्या पोळीभाजी केंद्राला गुवाहाटीच्या गृहस्थाने पसंतीचा अंगठा दाखविला, तर त्याने एक पोळीही खपत नाही. त्यापेक्षा आपल्या परिसरातली दोनशे घरे मोलाची. जाहिरातीवर खर्च करायचाच असेल, तर ती केवळ आपल्या भागापुरती दाखविण्याची सोय असते. थोड्या रकमेवर ती अजमावून पाहावी, आणि त्यातून किती मागण्या आल्या याचा हिशेब वहीत मांडावा. तो न मांडता केलेला खर्च म्हणजे फुंकलेला पैसा.

आता मुख्य चिंतेकडे वळू. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीची आहेत. तेथील आपले पान म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातील ओसरी. मालकाने नियम बदलले, की आपली बैठक मोडते. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने व्यवसायांच्या पानांपेक्षा कुटुंबीय आणि मित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. आपल्याच अनुसारकांपर्यंत पोहोचण्यासाठीही मग अनेकांना पैसे मोजावे लागले. जून २०२०मध्ये देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून टिकटॉकवर बंदी आली. निर्णय देशहिताचाच होता, पण ज्यांनी आपली सारी ओळख त्या एकाच ठिकाणी उभारली होती, त्यांची ती एका रात्रीत पुसली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास बंद पडली. सणाच्या मागण्या केवळ तिथेच घेणाऱ्याने त्या सहा तासांत काय करावे?

उपाय आपल्या आजोबांच्या दुकानातच सापडतो. त्यांच्याकडे खतावणी असे. आजच्या उद्योजकानेही गिऱ्हाइकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि आवडीनिवडी, अर्थात त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवाव्यात. पानाने नवे गिऱ्हाईक उंबरठ्यापर्यंत आणावे, पुढचे नाते मात्र आपण सांभाळावे. हे नाते कोणत्याही कंपनीला बंद करता येत नाही.

सावधपणाच्याही दोन गोष्टी. पान उघडले म्हणून कायदा मागे राहत नाही. खाद्यपदार्थ घरी करून विकायचे तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ‘या काढ्याने मधुमेह समूळ जातो’ अशी जाहिरात करणे अनैतिक तर आहेच, बेकायदाही आहे. आणि ठकांपासून जपावे. मोठी मागणी नोंदवून ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारा भामटा हमखास भेटतो. पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठीच लागतो, हे घरातील प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शेवटी थोडे गिऱ्हाइकांविषयी, म्हणजे आपल्या सर्वांविषयी. मोठ्या मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजणारे आपण शेजारच्या वहिनींच्या चकलीवर मात्र घासाघीस करतो. त्यांच्या पानाला अंगठा दाखवून कौतुक करतो आणि खरेदी दुसरीकडे. ‘घरीच तर करता, मग इतके कसे?’ हा प्रश्न विचारताना त्यांच्या श्रमांची किंमत आपण शून्य धरतो. ओळखीचा फायदा घेऊन उधारी लांबविणे हाही त्यातलाच प्रकार. माल आवडला तर चार ओळी लिहाव्यात, न आवडल्यास आधी त्यांना खाजगीत सांगावे, आणि ठरलेले पैसे ठरल्या वेळी द्यावेत. एवढे केले तरी एखाद्या घरची चूल आणि एखाद्या मुलीचे शिक्षण सुकर होते.

साधने बदलत राहतील. आजचे पान उद्या कदाचित कुणाला आठवणारही नाही. पण दिलेला शब्द, चोख माप आणि वेळेवर पोहोचलेला डबा यांतून जी पत निर्माण होते, ती परक्याच्या पानावर राहत नाही, गिऱ्हाइकाच्या मनात राहते. तीच खरी पुंजी. ती जोडण्यासाठी या पानाचा वापर जरूर करावा, पण तिच्या जागी त्याला बसवू नये.