सल्फा औषधे आणि आपली बेफिकिरी

१९३२ साली जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांना प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे जंतुविरोधी सामर्थ्य आढळले आणि वैद्यकशास्त्रात सल्फा औषधांचे युग अवतरले. पेनिसिलीन सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वी बाळंतज्वर व न्यूमोनिया यांच्या तावडीतून असंख्य जीव याच औषधांनी सोडविले. १९३९चे नोबेल पारितोषिक डोमाक यांना जाहीर झाले, ते यथार्थच होते. या कुळातील को-ट्रायमॉक्साझोल आजही उपयुक्त असून, एड्सच्या रुग्णांना विशिष्ट प्रकारच्या न्यूमोनियापासून वाचविण्यासाठी ते दिले जाते.

म्हणूनच प्रश्न औषधाच्या गुणाचा नसून ते घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या दक्षतेचा आहे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठते. बहुधा औषध थांबविताच ते ओसरते. क्वचित मात्र ताप भरतो, तोंडात व डोळ्यांत व्रण होतात, भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ नामक हा विकार प्राणघातक ठरू शकतो. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी काही सल्फा औषधांनी फुटतात, आणि आपल्या देशातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते.

हे सारे पाठ्यपुस्तकांत नमूद आहे. मग अनर्थ का घडावा? डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई असलेली ही गोळी अनेक दुकानांत मागताक्षणी मिळते. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला, हे विचारण्यास गर्दीच्या दवाखान्यात उसंत नसते; रुग्णालाही गोळीचे नाव ठाऊक नसते. घरी ‘अंगावर उष्णता उठली’ म्हणून पुरळाची बोळवण होते आणि उरलेल्या गोळ्या निष्ठेने संपविल्या जातात!

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१० साली केंद्र शासनाने राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. सामान्य रुग्णही तेथे नोंद करू शकतो, हे किती जणांस ज्ञात आहे?

उपाय खर्चिक नाहीत. ॲलर्जीची नोंद प्रत्येक केसपेपरच्या माथ्यावर असावी. एकदा त्रास झालेल्या रुग्णास त्या औषधाचे नाव ठळक मराठीत लिहून द्यावे आणि त्याने तो कागद जन्मभर जवळ बाळगावा. औषधविक्रेत्याने चिठ्ठीचा आग्रह धरावा. आणि पुरळ दिसताच पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावे, एवढे जरी घरोघरी पोहोचले, तरी अनेक कुटुंबांवरील अरिष्ट टळेल.