काटा सर्वांना एकच

हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात काट्यावर चढलेले पोते कोणत्या पेढीचे, हे काटा विचारीत नाही. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमी-अधिक ठेवणे, हा अचौर्य व्रताचा अतिचार होय. इंटरनेटलाही हाच न्याय लावणे म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी.

दूरसंचार कंपनीने डेटाचे मोल अवश्य घ्यावे. परंतु कोणते संकेतस्थळ फुकट, कोणते महाग, कोणते संथ, हे तिने ठरवू नये. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेत तिने स्वीकारलेली संकेतस्थळेच तेवढी फुकट होती. गरिबाला इंटरनेट मिळावे हा हेतू चांगलाच. पण फुकटाची वाट निवडक दारांशीच थांबली, तर नव्या लहान पेढीचे संकेतस्थळ पैसे मोजून कोण उघडणार? अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने असे भेदभावाचे दर निषिद्ध ठरविले आणि उल्लंघनास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. जुलै २०१८ मध्ये, काही अपवाद वगळता, संकेतस्थळे अडविणे, संथ करणे वा त्यांना झुकते माप देणे यांवरील निर्बंधही केंद्र सरकारने मान्य केले.

म्हणून फुकटाची योजना समोर आली, की काय मिळते याआधी ते कोणी निवडले, हे सुज्ञ गृहस्थाने पाहावे.