पाहुणा वेशीपर्यंत येतो, पण मुक्काम करत नाही! दरवाजांच्या शहराचा पैसा खेड्यात का पोचत नाही?

शेंद्रा / वार्ताहर :

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रातले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे समुद्रातले आणि समुद्राकाठचे किल्लेही त्यात आहेत. कोकणात फटाके फुटले. आपल्याकडं मात्र एक प्रश्न चावडीवर राहून गेला. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांना हाच मान १९८३ लाच मिळाला. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त झाली. जगाच्या नकाशावर दोन ठिकाणं असलेला हा जिल्हा. मग इथल्या खेड्यातल्या माणसाच्या खिशात त्यातलं काय पडलं?

उत्तर कडू आहे. फार थोडं पडलं. त्याचं कारण लेण्यांत नाही, मधल्या शहरात आहे.

तिकिटाचा पैसा कुठं जातो

आधी साधा हिशेब बघू. वेरूळ लेण्यांचं तिकीट भारतीय माणसाला ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. पंधरा वर्षांखालच्या पोरांना फुकट. बीबी का मकबऱ्याचं २५ रुपये. हा सगळा पैसा पुरातत्त्व खात्याचा, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जाणारा. त्यातला रुपयाही ग्रामपंचायतीला थेट मिळत नाही.

जिल्ह्यात राहतो तो तिकिटाच्या बाहेरचा पैसा. रिक्षा, जीप, जेवण, खोली, पेरू, सीताफळ, साडी. आणि हा पैसा किती, ते पाहुणा किती तास थांबला यावर ठरतं. सकाळी आला, लेणी पाहिली आणि दुपारी गेला, तर एक जेवण नाहीतर नुसता चहा-वडा. तोच रात्री मुक्कामी राहिला तर दोन जेवणं, सकाळचा नाष्टा, खोलीचं भाडं, संध्याकाळी बाजारात एक फेरी. हॉटेलातल्या चहाचं दूध, भाजी, अंडी, कोथिंबीर ही शहरात पिकत नाहीत. ती करमाड, फुलंब्री, खुलताबाद, पैठण या बाजूंनीच येतात. म्हणून पाहुण्याची एक रात्र हा शेतकऱ्याचाही विषय आहे.

समृद्धीने रस्ता दिला, मुक्काम काढून घेतला?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे. आपल्या भागात शेंद्रा, सावंगी, माळीवाडा इथं उतरता येतं. माळीवाड्याला उतरलं की दौलताबाद हाकेच्या अंतरावर.

सोय झाली, यात वाद नाही. पण याच सोयीची दुसरी बाजू बघा. शिर्डीला मुक्काम केलेला भाविक सकाळी निघून घृष्णेश्वराचं दर्शन घेतो, जाता जाता कैलास लेणं पाहतो आणि संध्याकाळी परत जाऊ शकतो. त्याला संभाजीनगर शहरात पाय ठेवायची गरजच उरत नाही. पूर्वी रस्ते वाईट होते म्हणून माणूस झक मारत थांबायचा. आता थांबायचं तर कारण पाहिजे.

आणि कारण तर शहरात आहे. चारशे वर्षांचं आहे. फक्त ते कोणी दाखवत नाही.

दरवाजा म्हणजे त्या काळचा बोर्ड

मलिक अंबर या निजामशाहीच्या वजिराने १६१० मध्ये खडकी गावाजवळ हे शहर वसवलं. हा माणूस मूळचा आफ्रिकेतला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढं मोगलांना दख्खनेत घाम फोडणारा. त्याने विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. १६५३ मध्ये औरंगजेबाने शहराला आपलं नाव दिलं आणि १६८२ मध्ये भोवती तट बांधून घेतला. २०२३ पासून शहर आणि जिल्हा अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाला.

तटाला मुख्य दरवाजे चार. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का. ज्या गावाकडं वाट जाते त्याचं नाव दरवाजाला. शेंद्र्या-करमाडहून बैलगाडी घेऊन जाणारा माणूस जालन्याच्या वाटेनं शहरात शिरायचा. छोटे-मोठे धरून 'बावन्न दरवाजांचं शहर' असं म्हणायची पद्धत पडली. त्यातले आज थोडेच उरलेत. तट तर तुकड्या-तुकड्यांत आहे. कुठं त्याला घर टेकलंय, कुठं टपरी.

उरलेल्या दरवाजांची गत काय? बहुतेकांना ते वाहतुकीला अडथळा वाटतात. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाच्या कमानीखालून वर्षानुवर्षं गाड्या गेल्या. तीच गोष्ट दौलताबादची. वेरूळचा रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून जातो आणि रविवारी, श्रावणात तिथं गाड्यांची रांग लागते. रांगेत अडकलेला पाहुणा दरवाजाला शिव्या घालतो. दरवाजा त्याच्यासाठी बघायची वस्तू राहतच नाही. स्मार्ट सिटीच्या कामात शहरातल्या काही दरवाजांची डागडुजी झाली, दिवे लागले, हे चांगलं झालं. पण नुसता दिवा लावून माणूस थांबत नाही. एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाता येईल अशी वाट, सांगणारा माणूस आणि बसायला जागा लागते.

पाण्याची गोष्ट तर शेतकऱ्यानेच सांगावी

शहरातली सगळ्यात भारी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून नहर काढली आणि उतारावर शहरात पाणी आणलं. पंप नाही, मोटार नाही, नुसता उतार. त्याच विद्येवर पुढं पाणचक्कीचं पाणी आलं. ते उंचावरून पडून चाक फिरवायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायचं.

आज त्याच शहराला पैठणच्या नाथसागरातून पंपाने उचलून पाणी आणावं लागतं आणि नळाला पाणी यायची वाट दिवस मोजून बघावी लागते. ज्याने पाट काढलाय, विहिरीवर मोटार बसवलीय, त्याला ही नहर बघितल्यावर कळतं की आपले जुने लोक काय दर्जाचे होते. ही गोष्ट गावातल्या पोराने पाहुण्याला सांगितली तर तो एक दिवस जास्त थांबेल की नाही?

समुद्राकाठची दोन उदाहरणं

तटबंदीवर गावं कशी जगतात, हे बघायला लांब जायला नको. रायगड जिल्ह्यात मुरूडचा जंजिरा आहे. किल्ला भर समुद्रात, म्हणून होडीशिवाय जाता येत नाही. राजापुरीच्या धक्क्यावरून गावातले लोक होड्या चालवतात. पाहुण्याला नाखवा लागतोच, म्हणून पैसा गावात राहतो.

दुसरं उदाहरण परदेशातलं. क्रोएशिया देशात समुद्राला लागून डुब्रोवनिक नावाचं शहर आहे. तट जेमतेम दोन किलोमीटरचा, पण धड राखलेला. १९७९ पासून जागतिक वारसा. तिथं भिंतीवरून चालायचं वेगळं तिकीट आहे. म्हणजे आपल्याकडं जी भिंत अडचण वाटते, तीच तिथं कमाईचं साधन आहे. अर्थात अतिरेकही झाला. मोठ्या जहाजांतून एवढी माणसं उतरायला लागली की २०१९ पासून दिवसाला दोनच जहाजांचा नियम करावा लागला. जुन्या गावठाणातली घरं पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आणि मूळची माणसं बाहेर गेली. तेव्हा पर्यटन म्हणजे सगळं गोडच असं नाही. पण तो त्रास लई पाहुणे आल्याचा. आपला त्रास ते न थांबल्याचा.

धक्का बसला की पहिला मार कोणाला?

पर्यटनाचा धंदा नाजूक आहे हेही मान्य करायला पाहिजे. १७ मार्च २०२० ला कोरोनामुळं सगळी स्मारकं बंद झाली आणि लेण्यांवरचे फेरीवाले, गाइड, जीपवाले कित्येक महिने घरी बसले. अजिंठ्याचा सिल्लोडमार्गे जाणारा रस्ता कामामुळं वर्षानुवर्षं खोदलेला राहिला; धुळीत कंबर मोडून कोण येणार? मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला, बंदोबस्त लागला. वाद कोणाचा, बरोबर कोण, हा वेगळा विषय. पण अशा दिवसांत भीतीने गाडी वळली की रस्त्याकडेच्या पेरूवालीचं टोपलं भरलेलंच राहतं, हे सत्य आहे.

म्हणून शेती सोडून पर्यटनाच्या मागं लागा, असं कोणी शहाणा सांगणार नाही. ही जोडीची कमाई आहे. जशी दोन म्हशींची असते.

शेंद्र्याच्या हातात काय आहे

शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक औद्योगिक शहर उभं राहतंय. जमिनी गेल्या, मोबदला आला, कोणाचा टिकला, कोणाचा गाडी-बंगल्यात गेला. आता या कारखान्यांत बाहेरगावचे, बाहेरदेशचे इंजिनिअर येतात. चिकलठाण्याचं विमानतळ शहर आणि शेंद्रा यांच्या मधे आहे. म्हणजे पाहुणा आपल्या दारात आधीच आलाय. शनिवार-रविवार तो मोकळा असतो. त्याला दरवाजे, पाणचक्की, दौलताबाद दाखवायला आणि दुपारी शेतात पिठलं-भाकरी, ठेचा खाऊ घालायला कोण तयार आहे?

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करू शकतो. शहरात संचालनालयाचं कार्यालय आहे. सातबारा घेऊन एकदा जाऊन विचारायला काय लागतं? गर्दी सांभाळणं तर शेंद्र्याला नवीन नाही. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला लोटणारी माणसं हे गाव दरवर्षी सांभाळतं.

प्रशासनाकडून मागायच्या गोष्टीही मोठ्या नाहीत. दरवाजे आणि पाणचक्की फिरवून आणणारी रोजची एक बस. दौलताबादच्या दरवाजाला वळसा घालणारा रस्ता. गावातल्या बारावी झालेल्या पोरा-पोरींना गाइडचं प्रशिक्षण. आणि तटाचा जो तुकडा उरलाय, तो आणखी पडू न देणं.

आधी आपण तरी पाहिलंय का?

शेवटी एक प्रश्न वाचकांना. तालुक्यातल्या किती घरांनी वेरूळ सोडून बाकीचं काही पाहिलंय? दवाखाना, कोर्ट, बियाणं, लग्नाचा बस्ता यासाठी आपण शहरात शंभरदा जातो, पैठण गेटला खरेदी करतो, पण मान वर करून कमान बघत नाही.

नवरा-बायको, आजी आणि दोन शाळकरी पोरं असं घर धरलं तर वेरूळचं तिकीट होतं १२० रुपये. मकबऱ्याचं ७५. एक सुट्टी काढा. फक्त वार लक्षात ठेवा : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी, पाऊस उघडल्यावर गेलात तर डोंगर हिरवा असतो आणि वेरूळचा धबधबाही पडत असतो.

जे आपणच पाहिलं नाही, ते पाहुण्याला काय दाखवणार?