एका शब्दावर जमीन

कायदा म्हणजे कोरडी कलमं, असं आपण धरून चालतो. धर्मग्रंथातला कायदा मात्र गोष्टीत, समासात, एखाद्या सर्वनामात बसलेला असतो. तो कसा वाचला गेला, यावर बाईची जमीन ठरत आली.

ज्यूंच्या तोरामध्ये मुलीच्या वारसाचा नियम एका गोष्टीतून येतो. सलाफहादाला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुलींनी मोशेसमोर, भर सभेत विचारलं, आमच्या बापाचा वाटा आम्हाला का नाही? देव म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. मुलगा नसेल तर मुलगी वारस ठरली. पुढे भाऊबंदांनी तक्रार केली, जमीन परघरी जाईल! (हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे.) म्हणून हुकूम निघाला की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं. तोरातला एकही शब्द फुकट नाही, असं मानणारे शास्त्री या हुकमातल्या ‘ही’ आज्ञा या शब्दावर थांबले. ‘ही’ म्हणजे त्या पिढीपुरतीच, असा अर्थ त्यांनी काढला. पुढच्या मुली मोकळ्या झाल्या. भाऊ असलेल्या मुलीला मात्र वारसा मिळाला नाहीच.

आपल्याकडेही तेच. याज्ञवल्क्याने वारसांत ‘पितरौ’ म्हटलं. मग आधी आई की बाप? मिताक्षराकार विज्ञानेश्वर म्हणाला, समास सोडवताना माता आधी येते, म्हणून आई आधी. मयूखकार नीलकंठाने बापाला पुढे काढलं. इंग्रजी अमलात कोर्टांनी मराठी मुलखात आईला आधी धरलं, गुजरातेत बापाला. 1956च्या वारसा कायद्यातही आई पहिल्या वर्गात आहे, बाप दुसऱ्या.

आता कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. तरी जळगाव-धुळ्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. त्याची भाषा वाचा. ‘राजीखुशीने’, ‘कोणाच्याही दबावाशिवाय’. ती काय म्हणाली, याची एक ओळ नाही. सलाफहादाच्या मुलींचा प्रश्न निदान ग्रंथात शिल्लक राहिला.

माझं म्हणणं, हा मसुदाच बदलावा. बहिणीचा वाटा किती गुंठे, त्याची किंमत काय, बदल्यात तिला काय मिळालं, हे तिच्याच शब्दांत लिहावं आणि सहीआधी तिला अहिराणीत वाचून दाखवावं. भावांना बाजूला बसवून.