पदव्युत्तर, पदाविना

सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे.जे.तून शिकून बाहेर पडले, तेव्हा दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. १९४५ साली सरकारने त्यांना हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे पुढच्या शिक्षणासाठी धाडले. यात उपकार कमी आणि हिशेब जास्त होता. देशात नव्या प्रयोगशाळा उभ्या राहायच्या होत्या, त्या कशा बांधायच्या हे जाणणारा माणूस हवा होता आणि तो शिकून आला की बसायला खुर्ची तयार होती. कानविंदे परतले, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुरचनाकार झाले आणि कामाला लागले. अहमदाबादची ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था त्या काळातली. पुढे स्वतःच्या व्यवसायात त्यांनी कानपूर आयआयटीचा परिसर उभा केला, मेहसाण्याची दूधसागर डेअरी उभी केली. एका माणसाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणावर झालेला खर्च देशाने असा वसूल केला.

आज हा हिशेब कोणी मांडत नाही. महाराष्ट्रात आर्किटेक्चर महाविद्यालये गल्लोगल्ली झाली. त्यांतली बरीच पाच वर्षांच्या बी.आर्क.वर दोन वर्षांचे एम.आर्क.ही शिकवतात. मुंबईत कमला रहेजा विद्यानिधी संस्थेत नागरी रचना आणि नागरी वारसा जतन, पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात लँडस्केप आणि पर्यावरणीय वास्तुरचना असे विषय आहेत. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या केंद्रीय संस्था आणि अहमदाबादचे ‘सेप्ट’ ही मोठी दारे वेगळीच. केंद्रीय संस्थेत ‘गेट’ देऊन शिरणाऱ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे सरकार त्याच्यावर पैसाही खर्च करते. शहरे ज्या दुखण्यांनी बेजार आहेत नेमक्या त्याच दुखण्यांवरचे हे अभ्यासक्रम. नाले बुजलेले, पदपथ नाहीसे झालेले, वाडे कोसळणारे, सार्वजनिक जागा पार्किंगने गिळलेल्या. म्हणजे मागणी आहे आणि पुरवठाही आहे. तरीही एम.आर्क. झालेला तरुण पुढे काय करतो, याची उत्तरे दोनच: शिकवायला लागतो, नाहीतर परदेशी जातो. उरलेले पुन्हा बिल्डरसाठी एफएसआय मोजायला बसतात. त्या कामाला बी.आर्क.ही जरा जास्तच होते.

परदेशाची वाटही वाटते तितकी सरळ नाही. अमेरिकेत परवान्यासाठी ग्राह्य धरली जाणारी व्यावसायिक एम.आर्क. वेगळी आणि आधीच बी.आर्क. झालेल्यांसाठीची आखूड एम.आर्क. वेगळी. आपल्याकडची मुले बहुधा दुसरी घेतात, कारण ती लवकर संपते आणि त्या मानाने स्वस्त पडते. नुसत्या तिच्या जोरावर परवान्याचा रस्ता खुला होत नाही, हे अनेकांना कर्जाच्या कागदांवर वडिलांची सही झाल्यानंतर कळते. त्यात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा सप्टेंबर २०२५मध्ये झाली आणि होती नव्हती ती खात्रीही गेली. राज्य सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती देते, ही चांगलीच गोष्ट. पण ती घेऊन वारसा जतन शिकून परतलेल्या मुलीला याच सरकारने कोणत्या खात्यात, कोणत्या पदावर सामावून घ्यायचे याचे उत्तर मंत्रालयाच्या एकाही मजल्यावर मिळणार नाही.

मिळणार कसे? कायद्याला या पदवीशी देणेघेणेच नाही. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार बी.आर्क. झाले की वास्तुकला परिषदेकडे नोंदणी होते; एम.आर्क.ने हातात एकही जादा अधिकार येत नाही. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की, नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद लावता येणार नाही, पण आर्किटेक्टचे काम करायला कायद्याची बंदी नाही. प्रकरण नोएडा प्राधिकरणातल्या पदांचे होते. निकाल कायद्याच्या शब्दांना धरूनच होता, त्यामुळे न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. संसदेने बिरुदाला कुंपण घातले आणि काम मोकळे सोडले. मग पदवीवर पदवी घेणाऱ्याने ती कशासाठी घ्यायची?

याची किंमत कोण मोजते ते पाहायचे असेल तर कोणत्याही किल्ल्याच्या तटापाशी उभे राहावे. काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीत बाहेरचे चिरे घडीव, पोटात दगडगोट्यांचा भराव आणि सगळ्याला धरून ठेवणारा चुना. हा चुना विझवून, मुरवून, वाळूबरोबर घाणीत दळलेला. कुठे त्यात गूळ, कुठे हिरड्याचे पाणी. पावसात भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात तेच पाणी सांध्यांतल्या चुन्यातून बाहेर टाकते. दुरुस्तीच्या नावाखाली या सांध्यांत सिमेंट भरले की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी आतच साचते, भरावातला चुना धुपू लागतो, काही पावसाळ्यांत तटाला पोट सुटते आणि एके दिवशी तो भाग खाली येतो. वारसा जतनाच्या एम.आर्क.मध्ये हे अगदी सुरुवातीला शिकवतात. ठेकेदाराच्या मुकादमाला ते माहीत नसते आणि अंदाजपत्रक करणारा अभियंता दरसूची उघडतो तेव्हा सिमेंटचा दर तिथे तयार असतो. मुरवलेल्या चुन्याचा दर शोधत बसायला त्याला कोणी सांगितलेले नसते.

जुलै २०२५मध्ये ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले; अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटले गेले, फलक लागले, ते योग्यच झाले. त्यांतले साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या अखत्यारीत, रायगडासह महाराष्ट्रातले उरलेले सात केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. याखेरीज यादीत नाव नसलेले शेकडो किल्ले, गढ्या, वाडे, घाट आणि देवळे आहेतच. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली करून देशाला वाट दाखवणाऱ्या या राज्यात जिल्ह्याला एक तरी प्रशिक्षित जतन-वास्तुरचनाकार सरकारी सेवेत हवा, ही मागणी चैनीची म्हणता येईल का? गोव्याचा अनुभवही हेच सांगतो. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या पणजीच्या कला अकादमीचे नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. आधुनिक काँक्रीटचे जतन ही स्वतंत्र अभ्यासाची शाखा आहे, हे त्यानंतर तरी सरकारदरबारी पोहोचायला हवे होते.

पुण्याची गोष्ट तर याहून बोलकी. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, १९२७ साली. जे.जे.त शिकले, पॅरिसला ल कोर्बुझिएंच्या हाताखाली घडले आणि १९६२ साली त्यांनी आर्किटेक्चरचे विद्यालय काढले ते अहमदाबादला, कारण तिथल्या गिरणीमालकांना आणि नगरपित्यांना अशा माणसाचे काय करायचे ते कळत होते. त्याचेच पुढे ‘सेप्ट’ झाले. तिथे शिकून, बर्कलीत उच्च शिक्षण घेऊन बिमल पटेल अहमदाबादला परतले. साबरमतीचा काठ, दिल्लीचे सेंट्रल व्हिस्टा आणि आता पुण्याचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प यांचे आराखडे त्यांच्या कंपनीने केले. तो प्रकल्प मुळा-मुठेला मानवणारा आहे की नाही, यावर पुण्यात रणे माजली आहेत. आमचेही त्याबद्दल गंभीर आक्षेप आहेत. पण येथे मुद्दा निराळा. दोन पिढ्यांपूर्वी एका शहराने उच्च शिक्षणाची संस्था पोसली, तिच्या माणसांना काम दिले, आणि आज ते शहर इतर शहरांना नकाशे विकते. पुण्याच्या महाविद्यालयांतही मुळा-मुठेवर प्रबंध लिहिले जातात. पूररेषा, ओढ्यांची मुखे, घाट, धोबी, काठावरच्या वस्त्या यांच्यावर मुले वर्षभर पायपीट करतात. मग काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरे, ज्युरीपुढे दोन तासांचे उभे राहणे, आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात. महापालिकेच्या एकाही टेबलापर्यंत तो जात नाही, कारण तो वाचू शकेल अशा माणसाचे टेबलच तिथे नाही.

हे महाराष्ट्राला जमतच नाही असेही नाही. मुंबईच्या पलीकडे खाडीपार नवे शहर वसवावे ही कल्पना साठच्या दशकात कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि एमआयटीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये त्यांनी पुढे जे केले ते आजही जाऊन पाहण्यासारखे आहे. सात घरे एका अंगणाभोवती, असे तीन घोळके मिळून एकवीस घरे मोठ्या अंगणाभोवती, आणि अशाच पायऱ्यांनी वस्ती वाढत गेलेली. शेजारच्या घराशी भिंत सामाईक नाही. त्यामुळे पैसा आला की ज्याला त्याला आपले घर वाढवता येते. लोकांनी ते इतके मनावर घेतले की मूळ घरे आता शोधावी लागतात! कमी उंचीत दाट वस्ती बसवता येते, हे त्या वसाहतीने दाखवले. नवी मुंबईचे पुढे काय झाले, जमिनी कोणाच्या घशात गेल्या, तो वेगळा अग्रलेख. शिकलेल्या माणसाला सरकारने जबाबदारीची जागा दिली तर काय घडू शकते, याचा हा घरचा दाखला.

महाविद्यालयांनी मात्र सगळा दोष सरकारवर टाकून मोकळे होऊ नये. बी.आर्क.च्या निकालाची शाई वाळण्याआधी एम.आर्क.ला घेतलेल्या मुलाने साइटवर एक पावसाळाही काढलेला नसतो. वर्गात उरलेले अनेकजण आधीच कुठेतरी शिकवत असतात आणि बढतीसाठी पदवी लागते म्हणून आलेले असतात. त्यांना शिकवणारेही त्याच वाटेने आलेले. शिक्षक तयार करण्यासाठी शिक्षकांनी चालवलेला हा रहाट पाणी कोणत्याच शेतात सोडत नाही. प्रबंधांचे विषयही दरवर्षी तेच. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणात आर्किटेक्चर शिक्षणापुरता वास्तुकला परिषदेचा शब्द प्रमाण, तंत्रशिक्षण परिषदेचा नव्हे, असा निर्वाळा दिला. त्यामुळे आता दोन मालकांचे भांडण ही सबब उरलेली नाही. एम.आर्क.ला प्रवेश देण्याआधी दोन-तीन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा करण्यापासून परिषदेला कोण अडवते आहे?

यावर एक जुना युक्तिवाद हमखास येतो: कोर्बुझिएंकडे आर्किटेक्चरची कोणतीच पदवी नव्हती, जपानचे तादाओ आंदो स्वतःच शिकले आणि १९९५चे प्रित्झकर पारितोषिक घेऊन गेले. बरोबर. असामान्य माणसाला विद्यापीठ लागत नाही. पण महापालिकेचा वॉर्ड असामान्य माणसांवर चालत नाही. तिथे फाइल नीट वाचणारी, नकाशातला ओढा ओळखणारी, वाड्याचा लाकडी सांगाडा वाचवता येतो की उतरवावाच लागेल हे सांगू शकणारी शिकलेली साधी माणसे लागतात. अभियंत्यांबद्दल आमच्या मनात अढी नाही. त्यांच्या गळ्यात त्यांचे नसलेले काम बांधले गेले आहे, इतकेच.

तेव्हा करायचे ते फार नाही. महापालिकांचे आकृतिबंध मंजूर करणारे नगरविकास खाते सेवाप्रवेश नियमांत नागरी रचनाकार, जतन-वास्तुरचनाकार आणि लँडस्केप वास्तुरचनाकार ही पदे घालू शकते आणि त्या पदांना एम.आर्क.ची अट लावू शकते. पुरातत्त्व संचालनालयासाठी सांस्कृतिक कार्य विभागाला हेच करता येईल. सल्लागार नेमताना सर्वांत कमी टक्केवारी मागणाऱ्याच्या गळ्यात माळ घालण्याची रीत बंद करून कामाच्या दर्जाला गुण देता येतील. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडल्याशिवाय परवानगी मिळत नाही, एम.आर्क. चालवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला त्याच्या शहरातला एक प्रभाग आणि एक वारसा वास्तू जोडून द्यायला काय हरकत आहे? मुलांचे प्रबंध मग त्या प्रभागावर होतील आणि ज्युरीत प्रभागाचा अभियंता बसेल. शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्यांकडून परतण्याचा करार लिहून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण त्याच कागदावर त्यांना मिळणारे पद आणि खातेही लिहावे. कानविंदे यांच्या बाबतीत १९४५ साली परक्या सरकारला जे सुचले ते आपल्या सरकारला पुढच्या अधिवेशनापर्यंत सुचायला हरकत नसावी. अकरा किल्ल्यांपुढे तोवर एक पावसाळा आहेच.