सोयाबीन, शेडनेट आणि हॅस्केल

(पोस्ट मोठी आहे. घरात बारावी झालेलं किंवा इंजिनिअरिंगला असलेलं पोरगं-पोरगी असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

जावा झालं, पायथन झालं, 'फुल स्टॅक' झालं. आता आपल्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर एक नवा सल्ला फिरतोय. गर्दीच्या भाषा सोडा, हॅस्केल, क्लोजर, एलिक्सिर, ओकॅमल असल्या कमी लोकांना येणाऱ्या प्रोग्रामिंग भाषा शिका. स्पर्धा नाही, पगार डबल!

हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी गर्दीचं बघू. दुसरबीडपासून मेहकरपर्यंत खरिपात बघाल तिकडे सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात प्रत्यक्ष काय हातात पडलं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सगळ्यांनी एकच माल आणला की भाव घेणारा ठरवतो. पुण्यात नोकरी शोधणाऱ्या पोरांचंही तेच झालंय. सगळ्यांचा कोर्स एक, प्रोजेक्ट एक, बायोडेटा एक. त्यात जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास दोन टक्के लोक कमी करणार. ज्या कंपनीत चिकटलं की जन्माची सोय झाली असं आपण समजत होतो, तिथली ही गत.

मग वेगळं पीक घ्यायचं का? आपल्या सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांनी ते घेऊन दाखवलंय. शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन. मिरची, टोमॅटो, काकडी. दहा-वीस गुंठ्यात एवढा पैसा होतो की सोयाबीनवाला बघत राहतो. पण ज्यांच्याकडे शेडनेट आहे त्यांना दुसरी बाजूही माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणजे बियाणे कंपनी, तीही ठरलेली. सॅम्पल पास झालं तर पैसा, तोही निकाल आल्यावर. सॅम्पल फेल झालं तर ते बी दुसऱ्या कुणाला विकता येत नाही आणि उभारणीचं कर्ज तर डोक्यावर असतंच.

कमी लोकांना येणारी प्रोग्रामिंग भाषा हे अगदी असंच शेडनेट आहे. भाव चांगला, गिऱ्हाईक मोजके.

आता ही 'फंक्शनल प्रोग्रामिंग' काय भानगड आहे ते सोप्यात सांगतो. सातबारा डोळ्यासमोर आणा. वडील वारले, वारसांची नोंद झाली, तरी वडिलांचं नाव कुणी खोडरबरने पुसत नाही. त्याला कंस पडतो, फेरफाराच्या वहीत नवा नंबर चढतो आणि जुनी नोंद जशीच्या तशी राहते. म्हणून तर पन्नास वर्षांनीही जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते काढता येतं. बहुतेक चालू भाषांमध्ये जुनी किंमत पुसून त्याच जागी नवी लिहिण्याची सवय असते. फंक्शनल पद्धतीत जुनं पुसायचं नाही, नवं तयार करायचं. आणि एका सूत्राला तीच माहिती दिली तर उत्तर दरवेळी तेच आलं पाहिजे. हजारो लोक एकाच वेळी वापरत असले तरी घोळ कमी होतो, आणि चूक झाली तर कुठे झाली ते शोधणं सोपं जातं.

याच्यावर पोट भरतं का? भरतं. तुम्ही रोज वापरता ते व्हॉट्सॲप एर्लँग नावाच्या भाषेवर उभं राहिलं. २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घेतलं, तेव्हा वापरणारे सुमारे ४५ कोटी होते आणि इंजिनिअर फक्त ३२. फेसबुकनेच २०१५ मध्ये सांगितलं होतं की स्पॅम अडवणारी त्यांची यंत्रणा हॅस्केलमध्ये आहे. आपल्या देशात बघायचं तर बेंगळुरूची जसपे. पैशांचे ऑनलाइन व्यवहार हाताळणारी ही कंपनी हॅस्केलवर चालते. त्याच मंडळींनी केलेलं 'नम्मा यात्री' हे रिक्षाचं ॲप २०२२ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं. पुण्यातली हेल्पशिफ्ट कित्येक वर्षं क्लोजरमध्ये काम करत आली.

म्हणजे कामं आहेत, मराठी मुलखातही आहेत. पण मी वर किती नावं घेतली ते मोजा. हाताची बोटं पुरतात. पुण्यात जावावाल्याने एक नोकरी सोडली तर दुसऱ्या दिवशी पन्नास ठिकाणी अर्ज टाकता येतो. क्लोजरवाल्याला पुण्यात किती ठिकाणी टाकता येईल? हेल्पशिफ्टच २०२२ मध्ये कीवर्ड्स स्टुडिओजने विकत घेतली. कंपनी विकली गेली, धोरण बदललं, नवीन साहेबाने 'आता सगळं जावात करा' म्हटलं, की तुमच्या हातातली भाषा एका दिवसात परकी होते. ज्या दुसरबीडने आपला जिजामाता साखर कारखाना बंद पडताना पाहिला, त्याला एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर ऊस लावणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

एर्लँगचीच गोष्ट घ्या. ती स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झाली. १९९८ मध्ये त्याच कंपनीने आपल्या नव्या मालासाठी ती वापरायला बंदी घातली! भाषा बनवणाऱ्यांनाच घरातून बाहेर काढल्यासारखं झालं. ती वाचली कारण त्याच वर्षी तिचा कोड सगळ्यांसाठी खुला केला गेला. खुला होता म्हणून पुढे व्हॉट्सॲपवाल्यांना तो घेता आला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि पगाराच्या त्या व्हायरल आकड्यांबद्दल. ओकॅमल म्हटलं की अमेरिकेच्या जेन स्ट्रीटचं उदाहरण देतात. शेअर बाजारात व्यवहार करणारी ही कंपनी जवळपास सगळं काम ओकॅमलमध्ये करते, पगारही डोळे फिरवणारे देते. पण तो पैसा ओकॅमलमुळे येत नाही, बाजारातल्या सौद्यांमुळे येतो. त्याच सौद्यांवरून सेबीने जुलै २०२५ मध्ये अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये रोखले. कंपनीने आरोप फेटाळले. खरं-खोटं काय ते तिकडे ठरेल, आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचंय की भाषा हे अवजार आहे. अवजाराला पगार नसतो, कामाला असतो.

उलटं उदाहरण कोबोलचं. १९५९ ची भाषा, कुणालाच शिकायची नाही. पण एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात न्यू जर्सीच्या गव्हर्नरने जाहीरपणे कोबोल येणारे स्वयंसेवक मागितले, कारण बेरोजगार भत्त्याची यंत्रणा त्या जुन्या भाषेवर होती. भाषा कंटाळवाणी, पण तिच्यामागे न संपणारं काम आहे. म्हणून भाषा निवडताना 'ही किती भारी आहे' हे विचारू नका. 'हिच्यात कुणाचं काम अडलंय' हे विचारा.

आता खरा प्रश्न. अशी भाषा शिकून पहिलं काम मिळेपर्यंत किती दिवस लागतात? जाहिरात बघून अर्ज करून हे काम क्वचित मिळतं. खुल्या प्रकल्पात दोन-चार सुधारणा करून दाखवायच्या, लोकांनी ओळखायला लागायचं, मग कुणीतरी बोलावतं. यात कॉलेजचं नाव विचारत नाहीत, मुंबई-पुण्याचा पत्ता विचारत नाहीत. दुसरबीडच्या पोराला हा दरवाजा कॅम्पस इंटरव्ह्यूपेक्षा जास्त उघडा आहे, हे मी ठामपणे म्हणतो. पण त्या दरवाजापर्यंत जायला वर्ष-दीड वर्ष बिनपगारी चालावं लागतं, आणि सगळं इंग्रजीतून. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे तो चालू शकतो. ज्याच्या बापाने क्लासच्या फीसाठी सोयाबीन पडत्या भावात विकलंय, त्याला सहाव्या महिन्यात घरून फोन येतो, "काही लागलं का रे?" आणि तो मिळेल ते धरतो. हुशारी दोघांत सारखीच असते, फरक पडतो तो तग धरण्यात.

म्हणून 'मेहनत करा, वेगळं शिका' असं नुसतं सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. तग धरायचा काळ कमी कसा होईल ते बोला. तीन गोष्टी सांगतो.

एक. सरकारी पैशातून बनलेल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला करा. ही काही माझी कल्पना नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करून एकत्र काम करण्याचं धोरण आणलं. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला केला. मग 'आपले सरकार' आणि 'महाडीबीटी' का नाही? आपला पोरगा स्वतः जो अर्ज भरतो त्याच्यातली चूक दुरुस्त करून दाखवू शकला, तर त्याच्याकडे दाखवायला खरं काम असेल. त्याला बेंगळुरूच्या ॲपमध्ये शिरायची वाट बघावी लागणार नाही. कोड खुला असला की काय होतं ते एर्लँगने दाखवलंच आहे.

दोन. मराठीतून शिकवा. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने हे जमतं हे दाखवून दिलंय. एमकेसीएल २००१ पासून आहे, एमएस-सीआयटी गावोगाव पोचली. त्याच जाळ्यातून पुढची पायरी शिकवता येईल, आणि त्यासाठी हॅस्केलपासून सुरुवात करायचीही गरज नाही. एक्सेलचं सूत्र ही फंक्शनल प्रोग्रामिंगच आहे! शेजारच्या खान्यातली रक्कम न पुसता तिच्यावरून नवी रक्कम काढायची. २०२० च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये 'लॅम्डा' आणलं, त्यामुळे स्वतःची सूत्रं बनवता येतात. हॅस्केल घडवणाऱ्यांपैकी सायमन पेटन जोन्स हे मायक्रोसॉफ्टमध्ये असताना एक्सेलवरही काम करत होते. म्हणजे आपल्या सेवा केंद्रावर बसणारी, पतसंस्थेचा हिशोब लावणारी मुलगी या रस्त्यावर आधीच दोन पावलं चाललेली आहे. तिला ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

तीन. क्लासवाल्यांना आकडे विचारा. किती पोरं घेतली, किती लागली, किती पगारावर, एका वर्षानंतर किती टिकली. लेखी द्यायला लावा. जावाचा क्लास असो की हॅस्केलचा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते, मग कोर्सच्या माहितीपत्रकावर का नको?

पोरांनी स्वतः काय करायचं? माझ्या मते एक बाजारातली भाषा पोटासाठी नीट शिका, अर्धवट चार नकोत. तिच्यासोबत एक फंक्शनल भाषा हळूहळू, वर्षभर. तिच्यात नोकरी नाही लागली तरी ती वाया जात नाही, कारण तीच विचाराची पद्धत आता जावात, पायथनमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये शिरली आहे. आपल्या भागात ज्यांचं शेडनेट टिकलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बाकीचं रान पडीक ठेवलं नव्हतं. तिथे सोयाबीन, तूर होतीच.

आणि आई-वडिलांना एक विनंती. पोराने 'सहा महिने द्या' म्हटलं, तर महिन्याला त्याने काय करून दाखवलं ते विचारा, पण रोज 'लागलं का' विचारू नका.

तुमच्या तालुक्यात कुणी असल्या वेगळ्या भाषेवर कमावत असेल तर खाली लिहा. पगार नका सांगू. पहिलं काम कसं मिळालं आणि तोपर्यंत घर कसं चाललं, तेवढं सांगा. पोरांना पगाराच्या आकड्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.