कोट्रवैचं हरीण
देवीचं वाहन म्हटलं की मराठी मनाला सिंहच आठवतो. कोल्हापुरात अंबाबाईच्या पाठीशी तो उभाच असतो. चेन्नईतल्या नुंगंबाक्कममध्ये येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र एखाद्या रविवारी मामल्लपुरमचं वराह लेणं जरूर पाहावं. गर्भगृहाच्या एका अंगाला हत्तींनी न्हाऊ घातलेली गजलक्ष्मी, दुसऱ्या अंगाला दुर्गा. आणि दुर्गेच्या डोक्याच्या एका बाजूला सिंह, तर दुसऱ्या बाजूला हरीण! हे हरीण कोट्रवैचं. कोट्रवै ही ‘पालै’ची, म्हणजे रखरखीत रानाची, शिकाऱ्यांची आणि युद्धात जय देणारी तमिळ देवी. ‘शिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्यात एयिनर शिकारी एका मुलीला तिच्या रूपात सजवून हरणावर बसवतात. सातव्या शतकातल्या पल्लव शिल्पकारांनी पुराणांतली दुर्गा घडवली, पण जुन्या रानदेवीचं जनावर हाकलून दिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. याउलट, तुर्कस्तानात चाताल्होयुकला दोन श्वापदांवर हात टेकून बसलेली मातीची स्त्री सापडली, सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची. तिची कहाणी सांगणारं कुणी उरलं नाही. कोट्रवैची कहाणी काव्यातही आहे आणि दगडातही. लेण्यात गेल्यावर नजर आधी वर, देवीच्या मुकुटाशेजारच्या कोपऱ्यांकडे न्या.